तेल, मीठ आणि छापील कागद : ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची वाटचाल

आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूतला इनामदारवाड्याचा मुक्काम आटोपून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात उतरते. त्या रात्री निगडीपासून चिंचवडपर्यंत जे अभंग कानावर पडतात, ते तुकोबांचे म्हणून आपण ऐकतो आणि पुढे सरकतो. ते कोणाच्या वहीतून छापखान्यापर्यंत गेले, ही चौकशी करायला वारीत सवड कोणाला? मला ती निवृत्तीनंतर मिळाली. चौकशीचं एक टोक चाकण-सुदुंबऱ्याच्या तेलघाण्यापाशी निघालं, ते आपल्या घरचंच. दुसरं टोक मात्र घाट उतरून ठाण्याच्या खाडीवर गेलं आणि तिथल्या एका ग्रंथालयाच्या दारात थांबलं.

विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९ आणि १९२० साली दोन भागांत ‘तुकारामबोवांचा अस्सल गाथा’ छापला. त्याला आधार होता संताजी जगनाडे यांच्या वह्यांचा. संताजी तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी, व्यवसायाने तेली. आणि हे भावे म्हणजेच १ जून १८९३ रोजी ठाण्यात ‘मराठी ग्रंथ संग्रहालय’ सुरू करणारे गृहस्थ. त्यांचा व्यवसाय मिठाचा. एका तेल्याने लिहून ठेवावं आणि एका मिठागरवाल्याने ते अडीचशे वर्षांनंतर छापावं, यात मला योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये गेली. आलेला माल मोजून घ्यायचा, बिन कार्डावर चढवायचा, जागच्या जागी ठेवायचा आणि मागेल त्याला सही घेऊन द्यायचा, हा आमचा धंदा. संशोधक, कवी, प्राध्यापक यांच्याविषयी मला आदर आहे. पण वाङ्मय टिकतं ते हिशेबाच्या माणसांमुळे, असं माझं पक्कं मत झालं आहे. या संस्थेची वाटचाल मी त्याच चष्म्यातून वाचतो.

आधी गावाविषयी. ठाणं हे बंदर होतं, हे आज सांगावं लागतं. लोकलमधून उतरणाऱ्याला तिथे रिक्षांची रांग आणि उड्डाणपूल दिसतात. खाडी दिसते ती कळव्याच्या पुलावरून जाता जाता, क्षणभर. शिलाहारांच्या ताम्रपटांत हे गाव ‘श्रीस्थानक’ म्हणून येतं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ‘ताना’ची नोंद केली. इथून कातडं, सुती कापड आणि धूप बाहेर जातो, असं तो सांगतो. वर एक गंमतही सांगतो : इथला राजा समुद्री चाच्यांना सामील आहे. लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा, अशी वाटणी ठरलेली. हिंदुस्थानात तेव्हा घोड्यांची टंचाई होती आणि ते अरबस्तानाकडून समुद्रमार्गे येत, एवढं लक्षात घेतलं की राजाचं गणित कळतं. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधू मारले गेले आणि ओदोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी मागाहून येऊन त्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनकडे गेला. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी युरोपातल्या माणसाला ठाणं माहीत होतं आणि ते चीनच्या वाटेवर होतं.

पोर्तुगीज काळात इथे रेशमी आणि सुती विणकाम चालायचं. १७३०च्या सुमारास त्यांनी किल्ला बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आतच मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी बेट कायमचं त्यांच्याकडे गेलं. हाच किल्ला पुढे तुरुंग झाला. १८१६ साली पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. १९१० साली क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली.

या किल्ल्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी घटना मात्र लढाईची नाही. १७८७ साली तिथे पाया खणताना ताम्रपट सापडले. अरिकेसरी या शिलाहार राजाने शके ९३९मध्ये, म्हणजे इ.स. १०१७ साली, दिलेल्या जमिनीचं ते दानपत्र. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, १७८८ साली, त्याचं भाषांतर छापलं गेलं. ठाण्याच्या जमिनीतून निघालेली ती पावती ७७० वर्षं मातीत धड राहिली होती. कोणी कोणाला किती जमीन दिली, चतुःसीमा काय, साक्षीला कोण, हे सगळं तांब्यावर कोरून ठेवणारी माणसं या गावात होती. ग्रंथ संग्रहालयाची वाटचाल १८९३पासून मोजायची रीत आहे. मला विचाराल तर साठवून ठेवण्याची सवय या गावाला त्याहून कितीतरी जुनी आहे.

आणि तलाव. ठाण्यात पूर्वी साठ तलाव होते असं जुने लोक सांगतात. आज पस्तिसाच्या आसपास उरले. खाडीचं पाणी खारं. गलबतावरच्या माणसांना आणि गावाला गोडं पाणी हवं तर पावसाळ्याचं साठवायला हवं, एवढा साधा हिशेब त्यामागे असणार. त्यातला मोठा आणि गावाच्या मध्यावरचा मासुंदा. त्याच्या काठाला तलावपाळी म्हणतात. एका बाजूला कोपिनेश्वराचं मंदिर, ते पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी नव्याने बांधलं. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज वारशाचं चर्च. १९७८पासून राम गणेश गडकरी रंगायतनही याच काठावर आहे. तळ्याच्या एका फेरीत देऊळ, चर्च आणि नाटक तिन्ही गाठता येतात, अशी सोय आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये तरी नाही.

बंदर बंद पडण्याची तारीख नसते. मुंबईत मोठी जहाजं थेट धक्क्याला लागू लागली, खाडीत गाळ साचत गेला. १८०५ साली शीवचा बांध झाला आणि साष्टीतून मुंबईला पायी जाता येऊ लागलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून चारशे पाहुण्यांना घेऊन निघालेली आगगाडी ठाण्याला आली, ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला गेली, हे मात्र कोणाला आठवत नाही. बंदराच्या दृष्टीने दुसरी तारीख जास्त वाईट. घाटावरून आणि कल्याणकडून येणारा माल आता ठाण्याला होडीत चढवायचं कारणच उरलं नाही. पोर्तुगिजांच्या वेळचं विणकामही ओसरत गेलं.

राहिलं ते जिल्ह्याचं ठाणं : कलेक्टर कचेरी, कोर्ट, तुरुंग, हायस्कूल. माल गेला आणि कागद आला. कारकून, वकील, मास्तर यांची वस्ती वाढली. छापखाने निघाले. १८६६ साली ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक ठाण्यात सुरू झालं, पुढे ‘हिंदुपंच’ आलं. मुंबईपासून तास-दीड तासावरच्या गावात स्वतःची वर्तमानपत्रं चालत होती.

वाचनालयं तोवर महाराष्ट्रात नवी राहिली नव्हती. रत्नागिरीचं १८२८चं, पुण्याचं १८४८चं, खाडीपलीकडच्या कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. यातली बरीचशी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने निघालेली. साहेबाच्या प्रोत्साहनाने निघालेल्या आणि सरकारी नोकरांनी चालवलेल्या या वाचनालयांत इंग्रजी पुस्तकांना आणि वर्तमानपत्रांना मान जास्त. मराठी पुस्तकं असत, पण संध्याकाळच्या करमणुकीपुरती. फाटली की गेली.

भाव्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जे काढलं त्याचा नियम निराळा होता. इथे फक्त मराठी, आणि मराठीत छापलेलं सगळं. चांगलं-वाईट निवडायचं नाही. भावे तेव्हा वयाच्या बाविसाव्या वर्षात होते. जन्म पनवेलजवळच्या पळस्प्याचा, ६ नोव्हेंबर १८७१चा. शिक्षण विज्ञानाचं, बी.एस्सी. जुन्या काव्याची गोडी लावली ती जनार्दन बाळाजी मोडकांनी. मोडक म्हणजे १८७८ साली काशिनाथ नारायण साने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत ‘काव्येतिहाससंग्रह’ काढणाऱ्या तिघांपैकी एक. त्या मासिकाने बखरी, पत्रं आणि कवनं घराघरांतल्या माळ्यांवरून काढून छापली. असा मास्तर लाभलेल्या पोराला जुना कागद रद्दी वाटणं शक्यच नव्हतं.

मुंबईसारख्या शहराला असंच संग्रहालय काढायला १८९८ साल उजाडलं. ठाण्याने पाच वर्षं आधी काढलं. छोट्या गावांना मोठ्या शहरांच्या आधी काही सुचतं, आणि मग ते मोठ्या शहराच्या नावावर जातं. इथे तसं झालं नाही, हे बरं झालं.

‘सगळं जमवायचं’ हा नियम ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो पाळणं म्हणजे काय, हे समजायला १८६७चा कायदा माहीत हवा. त्या वर्षी छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला आणि छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारात द्यावी लागू लागली. नियमित सरकारी याद्या तेव्हापासूनच्या. त्याआधीच्या छपाईची पुरी नोंद कुठेच नाही. सेरामपूरला १८०५ साली छापलेलं मराठीचं व्याकरण, मुंबईचं १८२२चं ‘पंचोपाख्यान’, १८३१ साली गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर काढलेलं पंचांग, शाळाखात्याची क्रमिक पुस्तकं, मिशनऱ्यांच्या चोपड्या : हे सगळं छापलं गेलं, वापरलं गेलं आणि बहुतेक सगळं नाहीसं झालं. पाळण्यातल्या वयाची छपाई म्हणून त्यांना दोलामुद्रितं म्हणतात. त्यांचा मोठा साठा आज ठाण्यात आहे. जगात एखादीच प्रत उरलेलं पुस्तक हातात घ्यायचं म्हणजे अंगावर काटा येतो, असं अभ्यासक सांगतात. मला तिथे काटा आला तो दुसऱ्याच कारणाने.

स्टोअर्समध्ये ज्या वस्तूला काही वर्षं मागणी येत नाही तिला ‘नॉन-मूव्हिंग’ म्हणतात. ऑडिटर दरवर्षी तिच्यावर बोट ठेवतो, मग वरून सही होते आणि माल भंगारात जातो. माझ्या हातून असा किती माल गेला असेल! बरोबरच होतं ते. जागा अडते, पैसा अडकतो. ग्रंथालयातही वर्षानुवर्षं कोणी न मागितलेली पुस्तकं असतात. पण इथे उलटा न्याय लागू होतो. ज्याला शंभर वर्षांत मागणी नाही, त्याचीच प्रत दुसरीकडे उरलेली नसते. एखाद्या दिवशी एखादा माणूस येतो आणि तेवढंच मागतो. त्या एका माणसासाठी शंभर वर्षांचं भाडं, वाळवी, दमट हवा, गळकं छप्पर आणि कार्यकारिणीच्या सभा सोसायच्या, हा व्यवहार कोणत्याही ऑडिटरला पटणारा नाही. ठाण्याच्या लोकांना तो १८९३ साली पटला होता.

खाडीकाठची हवा पुस्तकांची वैरी, हे वेगळं सांगायला नको. मिठागराला जी हवा मानवते ती कागदाला मानवत नाही. मिठागराचा धंदा मात्र माणसाला दोन गोष्टी शिकवतो. भरतीचं पाणी आत घ्यायचं, ते कोंडीत अडवायचं आणि ऊन आपलं काम करीपर्यंत घाई करायची नाही. भाव्यांची पुढची कामं पाहिली की हीच चाल दिसते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ आधी ‘ग्रंथमाला’ मासिकात आलं. तेव्हा तो एक लांबलेला निबंध होता. नवी हस्तलिखितं मिळत गेली तसतसा तो फुगत गेला आणि १९१९च्या आवृत्तीपर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा भरभक्कम ग्रंथ झाला. त्यांच्यानंतर शं. गो. तुळपुळे यांनी त्याला मोठी पुरवणी जोडली. १९०३ साली भाव्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढलं, अप्रकाशित जुनं काव्य छापण्यासाठी. ‘मराठी दप्तर’ या मालेत त्यांनी बखरी काढल्या आणि भागांना ‘रुमाल’ म्हटलं, कचेरीत कागद बांधून ठेवतात तसे. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या आणि पंथाबाहेरच्या माणसाला वाचता येत नव्हत्या. त्या लिप्या उकलणाऱ्या पहिल्या मंडळींत इतिहासाचार्य राजवाड्यांबरोबर भाव्यांचं नाव आहे.

आता गाथा.

तुकोबांच्या अभंगांची सरकारी आवृत्ती विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली तयार केली. पहिला भाग १८६९चा, दुसरा १८७३चा. तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. तिच्यासाठी देहू, तळेगाव, पंढरपूर, कडूस अशा ठिकाणच्या हस्तलिखितांचा आधार घेतला गेला. आज घराघरांत असतात त्या बहुतेक गाथा या ना त्या रीतीने तिच्याशी नातं सांगतात. भाव्यांचा आग्रह वेगळा होता. तुकोबांना प्रत्यक्ष ऐकणाऱ्या माणसाची वही हाती असेल, तर आधी तीच जशीच्या तशी छापा. भर कोणी कुठे घातली ते नंतर बघू. संताजींच्या वह्यांत मिळालेले अभंग तेराशेच्या घरात भरले. त्यातली भाषा, शब्दांची रूपं, लिहिण्याची ढब नंतर साफसूफ केलेल्या प्रतींपेक्षा खडबडीत आहे. भाव्यांनी ती घासून गुळगुळीत केली नाही. त्यांच्या ‘अस्सल’ या दाव्यावर अभ्यासकांनी पुढे भरपूर वाद घातला. वह्यांचं सगळं लेखन एका हातचं आहे का, तेवढेच अभंग खरे मानायचे तर बाकीच्या तीन हजारांचं काय करायचं, हे प्रश्न रास्त आहेत. मलाही ‘अस्सल’ हा शब्द जरा चढा वाटतो. पण एक वही जशी आहे तशी छापून ठेवली, म्हणूनच तर वाद घालता आला.

संताजींना आपल्याकडे सगळे ओळखतात. चाकणशी त्यांचं नातं सांगतात, समाधी सुदुंबऱ्याला आहे, २००९ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. इंद्रायणीत वह्या बुडाल्याची आणि तरल्याची कथा सांगताना त्यांचं नाव येतंच. घाण्यावर बसलेला माणूस हिशेबाची वही रोज लिहितो. किती तीळ आले, किती तेल निघालं, कोणाकडे बाकी. त्याच हाताने अभंगाची वही लिहिली. तो हात कविता ‘सुधारत’ बसला नसावा, असा माझा तर्क आहे. कारण हिशेब सुधारायचा नसतो, उतरवायचा असतो.

तर हा ऐवज आमच्या भागातून निघाला आणि छापला ठाण्याच्या भाव्यांनी. पुणं मध्ये होतं, विद्वानांचं गाव होतं, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून होतं. तरीही हे काम घाटाखालच्या मिठाच्या व्यापाऱ्याने केलं. याचं श्रेय भाव्यांच्या चिकाटीला द्यायला हवं आणि थोडं त्या संग्रहालयालाही. जुनं ते सगळं आपल्याकडे यावं अशी जागा एकदा गावात उभी राहिली की माणसं आपोआप तिथे कागद घेऊन येऊ लागतात.

भावे १२ सप्टेंबर १९२६ रोजी गेले. वय चौपन्न. संस्थापक गेला की संस्था हळूहळू त्याच्या तसबिरीपुरती उरते, हे आपण फार ठिकाणी पाहतो. ठाण्यात तसं झालं नाही. त्यानंतरची शंभर वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यात नाट्य कमी आणि काम जास्त आहे. सभासद वाढले, देवघेव वाढली, इमारत झाली. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा सुभाष पथावर मुख्य जागा, नौपाड्यात शाखा. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली पुरी केली. हजारो पुस्तकं स्वतः पाहून नोंदवण्याचा त्यांचा तो एकट्याचा उद्योग शक्य झाला, तो गावोगावच्या अशा संग्रहांनी पुस्तकं ठेवली होती म्हणून. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला आणि ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागलं. अनुदानाचा आकडा आणि ग्रंथालय सेवकांचा पगार हा विषय राज्यभर इतका जुना झाला आहे की त्यावर लिहिलेल्या निवेदनांचंही आता एक दालन करता येईल.

साहित्य संमेलनं ठाण्याला तीनदा झाली : १९६० साली रा. श्री. जोग अध्यक्ष होते, १९८८ साली वसंत कानेटकर आणि २०१०च्या डिसेंबरात उत्तम कांबळे. आमच्याकडेही जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीला मोठं संमेलन झालं, श्रीपाल सबनीस अध्यक्ष होते. मांडव आमचाही देखणा होता. मात्र मांडव उतरल्यावर पुस्तकांनी परत जायचं कुठे, याचं उत्तर ठाण्यात तयार होतं. आमच्याकडे त्याचा शोध अजून चालू आहे.

अलीकडच्या काळात दुर्मिळ पुस्तकांचं स्कॅनिंग करून ती संगणकावर आणण्याचं काम संस्थेने हाती घेतलं. मला हे काम इमारतीपेक्षा मोठं वाटतं. पान उलटताना तुकडा पडेल अशी पुस्तकं आता पान न उलटता वाचता येतात. कागद मात्र जपायचाच आहे, हे तिथल्या लोकांना कळतं. पडद्यावर अक्षर दिसतं. कागदाचा पोत, शिवण आणि समासात कोणी पेन्सिलीने मांडलेला वाण्याचा हिशेब हे मूळ प्रतीतच नीट पाहता येतं.

आपल्या भागातून जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. आकुर्डी स्टेशनवर लोणावळा-पुणे लोकल थांबते, पण ठाण्याला न्यायला ती उपयोगाची नाही. चिंचवडला जाऊन सकाळची सिंहगड एक्सप्रेस पकडावी. ठाण्यात उतरल्यावर तलावपाळीचा मोह आवरून आधी ग्रंथ संग्रहालयात जावं. संदर्भ विभागात काही पाहायचं असेल तर काय हवं ते नाव, साल असं लिहून न्यावं आणि आधी विचारून जावं. ‘काहीतरी जुनं दाखवा’ असं म्हणणाऱ्याला कोणीच काही दाखवू शकत नाही, स्टोअर्समध्येही नाही. वरच्या वा. अ. रेगे सभागृहात बऱ्याचदा एखादं व्याख्यान किंवा प्रकाशन असतं. तिथून जांभळी नाक्याच्या बाजारातून कोपिनेश्वर, तळ्याची फेरी आणि भूक असेल तर मामलेदारची मिसळ. मिसळीला गर्दी असते आणि तिखट सांगताना माणसाने वयाचा विचार करावा. दुपारी स्टेशनच्या पूर्वेला चेंदणी कोळीवाड्याकडे जावं. बंदर होतं म्हणजे काय होतं, हे तिथेच थोडं समजतं : घरांची तोंडं, होड्या, जाळी आणि कांदळवनातून दिसणारी खाडी. थंडीत गेलात तर खाडीच्या चिखलात रोहित पक्षी दिसतील. २०१५ साली खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली तिला पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. ज्या गाळाने बंदर बुजवलं त्याच गाळावर हे पक्षी जगतात.

ठाण्याला एकदा जाऊन आलं की आपल्या गावाकडे पाहण्याची नजर थोडी बदलते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली. आकुर्डीत बजाजचा कारखाना साठीच्या दशकाच्या तोंडाशी आला आणि त्याची स्कूटर देशभर गेली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी मिळून नगरपालिका झाली. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं. २००७ साली आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन थांबलं, काम चाकणसारख्या नव्या कारखान्यांकडे सरकलं, आणि २०२१ साली प्राधिकरणही मोठ्या महानगर प्राधिकरणात विलीन झालं. म्हणजे ज्या गोष्टी आम्हाला अजून कालच्या वाटतात त्यांच्यावर ‘होतं’ हे क्रियापद कधीच बसलं. ठाण्याच्या धक्क्यावरून शेवटचा माल कोणत्या दिवशी गेला ते कोणी लिहून ठेवलं नाही. आमच्या शॉपमधून शेवटची गाडी बाहेर पडली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि बसमध्ये बसून घरी आलो.

कागद मात्र अजून आहेत. कामगार संघटनांची पत्रकं, वेतन कराराच्या छापील प्रती, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, कंपन्यांची घरगुती मासिकं, सुरक्षा सप्ताहात निघालेल्या निबंधांच्या पुस्तिका, सेक्टरच्या गणेश मंडळांच्या स्मरणिका. बहुतेक मराठीत, बहुतेक स्थानिक छापखान्यांत छापलेल्या, आणि त्यांतल्या फारच थोड्या कुठल्या ग्रंथालयाच्या दाखल वहीत चढलेल्या. घराची रंगरंगोटी निघाली की पहिल्यांदा तेच रद्दीत जातं. भाव्यांचा नियम लावला तर ते सगळं ठेवायचं, चांगलं-वाईट न निवडता.

मी आमच्या इमारतीत आणि जुन्या सहकाऱ्यांकडे सांगून ठेवलं आहे. काही जण हसले, एकाने माळ्यावरची आख्खी पेटीच दिली. सध्या ते सगळं आतल्या खोलीत आहे. प्रत्येक नगाला क्रमांक टाकला आहे, कोणाकडून आलं ते लिहिलं आहे, आणि ही खोली परत कधी मिळणार असं घरून विचारणं सुरू झालं आहे. यातल्या ज्यांच्या दोन प्रती आहेत त्यांतली एकेक पुढच्या खेपेला ठाण्याला घेऊन जाणार आहे. घेतात का ते विचारून बघतो. नाही घेतल्या तर आकुर्डीतच एखादी जागा शोधावी लागेल, आणि मग दाखल वही आणण्यापासून सुरुवात.